समोरचा धूर

“भिंतीतल्या हीटरनं घर उबदार राहतं. पण ही शेगडी सकाळी सहाला पेटलीच पाहिजे,” ऐनो म्हणाला. “रोज. ताप असो, सुट्टी असो.”

लॉर्ना प्रुइटनं त्या काळ्या लोखंडी शेगडीकडे पाहिलं. दूर दक्षिणेतल्या लुईझियानात तिनं उभ्या जन्मात थंडीसाठी लाकूड जाळलं नव्हतं. पण शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी हातात होती, ऑक्टोबर संपत आला होता आणि तळ्याकाठच्या या गावात दुसरं घर काही मिळत नव्हतं. शिवाय भाडं इतकं कमी, की छप्पर गळतंय की काय अशी तिला आधी शंका आली होती.

“हीटर आहे तर शेगडी कशाला, मिस्टर ऐनो?”

“ते बघ.” एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं खिडकीतून तळ्यापलीकडे बोट दाखवलं. अर्ध्या मैलावर, झाडीत एक हिरवं घर होतं. धुराड्यातून धूर निघत होता. “माझा थोरला भाऊ, तोइवो. बापाच्या होडीवरून भांडलो, त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हा मला म्हणाला होता, ‘तू पळपुटा. गुडघे कुरकुरायला लागले की तळं सोडून आधी तूच पळशील.’”

“आणि आता तुम्ही फ्लॉरिडाला लेकीकडे चाललात.”

“हळू बोल!” ऐनो दचकला. जसं काही तळ्यापलीकडे ऐकू जाणार होतं. “डॉक्टरनं ताकीद दिलीय म्हणून चाललोय. पोस्टातल्या बाईशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तिच्या पोटात गोष्ट राहते. तोइवोला रोज सकाळी माझा धूर दिसला पाहिजे. एक दिवस जरी चुकलीस तरी घर खाली करायचं. कागदावर लिहिलंय तसं.”

लॉर्नानं सही केली. म्हाताऱ्यांचे हट्ट तिनं आपल्या घरी भरपूर पाहिले होते. त्यातल्या त्यात हा सोसण्यासारखा होता.

पहिल्या आठवड्यात तिनं ओली लाकडं घालून घरभर धूर केला. मग बर्च झाडाच्या सालीनं जाळ धरायला शिकली. नोव्हेंबरात बर्फ पडला, डिसेंबरात तळं गोठलं. लोक तळ्याच्या मधोमध खोपटी मांडून मासे धरत बसले, ट्रकसुद्धा बर्फावरूनच नेऊ लागले. लॉर्ना काठावरून बघायची. पाण्यावर चालायचं तिच्या अगदी जिवावर यायचं.

दर रविवारी साडेआठला ऐनोचा फोन यायचा. पाइप गोठले नाहीत ना, वगैरे उगाच तोंडदेखलं. खरा प्रश्न मागाहून यायचा.

“त्याचा धूर आहे ना?”

“आहे. पण आज फार दाट दिसतोय.”

“ओलं लाकूड? तोइवोनं? म्हातारा झाला गं!” ऐनो हसायचा. पण हसण्याआधी त्यानं सोडलेला सुस्कारा तिला ऐकू यायचा.

एकदा तिनं सांगितलं, की समोर कुणीतरी छपरावर चढून बर्फ खाली ओढत होतं.

“त्र्याऐंशीव्या वर्षी छपरावर? मला दाखवायला चढलाय, दुसरं काय! पडेल मेला.” मग जरा थांबून त्यानं विचारलं, “नीट उतरला ना खाली?”

तिला दोघांचाही राग यायचा. एकमेकांवर एवढा जीव, आणि चाळीस वर्षांत कुणाला साधं तळं ओलांडता आलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी तिनं सहाला शेगडी पेटवली. उजाडल्यावर कॉफीचा कप घेऊन खिडकीशी आली आणि थबकली. समोरच्या धुराड्यातून काहीच निघत नव्हतं. बाहेर उणे तीस थंडी होती. तिनं कॉफी तशीच ठेवली आणि बघत राहिली. साडेआठला फोन वाजला.

“आहे ना धूर?”

‘आहे’ म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. जमलं नाही. “नाही, मिस्टर ऐनो. सकाळपासून नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मी शेरीफला कळवते,” ती म्हणाली.

“त्याचा माणूस यायला तास लागेल. बर्फावरून दहा मिनिटं. तू जा, बाई.” ऐनो म्हणाला. “आणि हे बघ, दार उघडलं नाही तर मोठ्यानं ओरड. ऐनो हरला म्हणून सांग. ते ऐकायला तो मेलेला असला तरी उठेल. फोन बंद करू नकोस. मी ऐकतोय.”

लॉर्ना बूट चढवून निघाली. तळ्याच्या मध्यावर पायाखालून बर्फ गडगडला आणि ती जागीच उभी राहिली. तिला रडू येत होतं. मागे वळावंसं फार वाटलं. पण फोनमधून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणून ती चालत राहिली.

हिरव्या घराचं दार तिनं दोन्ही मुठींनी बडवलं. “तोइवो! दार उघडा! ऐनो हरला! ऐकलंत का? ऐनो हरला!”

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अंगाभोवती गोधडी गुंडाळलेली चाळिशीची एक बाई दारात उभी होती. तापानं तिचा चेहरा लाल झाला होता.

“जागच आली नाही हो मला,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “तुम्ही समोरच्या घरातल्या ना? हात जोडते, कुणाला सांगू नका. मला हे घर सोडावं लागेल.”

“तोइवो कुठे आहेत?” लॉर्नानं विचारलं. फोन तिच्या हातात तसाच चालू होता.

“ॲरिझोनात. तीन हिवाळे झाले. दर रविवारी फोन करतात आणि एवढंच विचारतात, ‘ऐनोचा धूर आहे ना?’”