परुळेकरांचा धूमकेतू

दिवस मावळला तसे आकाशनिरीक्षण मंडळाचे हौशी सभासद टेकडीवर जमले. पश्चिमेला धूमकेतू झळकत होता आणि अध्यक्ष परुळेकर छाती फुगवून सांगत होते, "हा माझा धूमकेतू!"

खरं तर काही वर्षांपूर्वी, धूमकेतूच्या मागच्या फेरीला, तो आधी मंडळातल्याच मृदुलाला दिसला होता. तिने विश्वासाने सांगितलं आणि परुळेकरांनी तो स्वतःच्या नावावर करून टाकला. तेव्हापासून तिने डूख धरला होता.

"सर, पोटभर बघून घ्या," ती गोड आवाजात म्हणाली. "पुढच्या फेरीला तो नसेल."

"म्हणजे?"

"चंद्रावरच्या वसाहतीला पाणी हवंय. धूमकेतू म्हणजे बर्फच; त्यासाठी कुठला फोडायचा, ते आता माझं पाणीपुरवठा खातं ठरवतं."

परुळेकरांचा चेहरा पडला. "पण माझं नाव?"

"राहील की! तिथल्या प्रत्येक संडासाच्या टाकीवर रंगवायला सांगितलंय, 'परुळेकर यांच्या सौजन्याने'."