वादळाची सुट्टी

"सगळे वर्ग सोड," प्राचार्य नरहरी राऊत म्हणाले, तेव्हा शिपाई चिंतू घंटेची हातोडी धरून नुसताच उभा राहिला. दिवाळी होऊन गेलेली. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

"बघतोस काय? रेडिओवर सकाळपासून सांगतायत. संध्याकाळी वादळ किनाऱ्याला लागणार."

राऊत सर घाबरले होते, आणि त्यात त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? आषाढात असाच इशारा आला होता. तेव्हा त्यांनी म्हटलं, कशाला उगाच तास बुडवा. आणि सायकलींच्या शेडचा पत्रा उडून एका पोराच्या खांद्यात घुसला. पालकांनी सरांना असं धारेवर धरलं की विचारू नका. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तालुक्याच्या कचेरीला विचारावं म्हणून त्यांनी फोन उचलला, तर फोन बंद.

घंटा झाली. बोईसरची पोरं चालत सुटली, लांबची मिळेल त्या टेम्पोत चढली. तोवर वारा उठला आणि मैदानातली धूळ खिडक्यांवर आपटायला लागली. एकही पोर इथं राहता कामा नये, एवढंच सरांच्या डोक्यात होतं.

राहिली होती फक्त तानी. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळ्यांची पोर, पहिल्या वर्षाची. वह्या छातीशी धरून व्हरांड्यात बसलेली.

"तू अजून इथं?"

"सर, मी थांबते हितंच. आई म्हनली, वारा सुटला तर कालेजातून हलू नको."

"आयांचं काय जातं म्हणायला? काही झालं की गळा माझा धरतात. कॉलेज बंद म्हणजे बंद."

"एसटी नाय, सर."

"मग खाजणाच्या बांधावरून जा. भरतीच्या आत पोचशील. गावात तुझी माणसं आहेत. इथं कोण आहे तुझं?"

मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायची तानीला सवय नव्हती. ओढणी डोक्याला घट्ट बांधून ती निघाली. खाडीकाठच्या चिखलाच्या त्या पट्ट्यात ती दिसेनाशी होईपर्यंत सर बघत राहिले.

मग त्यांनी एकेक वर्ग स्वतः फिरून पाहिला. बाकं रिकामी. आता कुणाला काही झालं तरी ते कॉलेजात होणार नव्हतं. सरांच्या जिवात जीव आला.

अंधारून आलं आणि पाऊस आडवा मारायला लागला. तेवढ्यात तारापूरच्या रस्त्यानं ट्रक आले, एकामागोमाग. ताडपत्रीखाली बाया, म्हातारी माणसं, गाठोडी, कोंबड्या. पुढच्या ट्रकमधून तलाठी उतरले.

"तुमचा फोन काय लागला नाय, सर. दुपारी हुकूम आला, दांडी रिकामी करा. गावात आता चिटपाखरू नाय. आसपास पक्की इमारत तुमचीच, म्हणून सगळ्यांना इथं आणलं."

सर फाटकाबाहेर गेले आणि खाजणाकडे बघू लागले. बांध कुठं होता तेही आता ओळखू येत नव्हतं. नुसतं पाणी.

मागच्या ट्रकमधून काशीबाई उतरली. प्रवेशाच्या दिवशी लेकीचा हात धरून आली होती, सरांनी तिला लगेच ओळखलं. अंगावर कोरडा धागा नव्हता. शेजारीण घराच्या नावानं रडत होती, तिच्या पाठीवरून काशीबाई हात फिरवत होती. सरांना बघून तिनं हात जोडले.

"घर ऱ्हावो नायतर जावो, सर. माझ्या जिवाला घोर नाय. तानी तुमच्यापाशी हाय."