खिशात सापडलेल्या वस्तू

गिऱ्हाइकाची अंगठी लाँड्रीत हरवल्यापासून मालक पडद्याआड उभा राहून आम्हा चौघींवर पाळत ठेवायचा. पडद्याखालून त्याच्या चपला दिसायच्या. आमचा खेळ मात्र चालूच: इस्त्री टेबलावर दोनदा आपटायची आणि ताल चुकायच्या आत विषयातला एक शब्द सांगायचा. फळं झाली, नवऱ्यांचे बहाणे झाले. मग आमच्यातली मावशी ओरडली, “विषय, खिशात सापडलेल्या वस्तू!” ठक ठक. “रुमाल.” ठक ठक. “तिकीट.” ठक ठक. “कंगवा.” माझा नंबर आला. ठक ठक. “अंगठी!” मालक पडदा सारून तीरासारखा आला. “वाटलंच मला! कोणाच्या खिशात सापडली? बोल!” मी इस्त्री उभी केली आणि टेबलावरचा कोट त्याच्याकडे सरकवला. त्याचाच, सकाळी इस्त्रीला टाकलेला. आतल्या खिशात अंगठी तशीच होती. मावशीनं पुन्हा ताल धरला. ठक ठक. “मालक, आता विषय तुम्ही द्या.”