तोरणाखालची झडती

वरवट बकालची प्रेरणा स्टँड-अप करता करता टीव्हीवर अशी गाजली, की तिचा विनोद आठवून म्हणे मलकापूरचा गार्ड गाडीला झेंडी दाखवायचाच विसरला. यंदा गावानं तिला पोळ्याला बोलावलं. बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, गावाला चिमटे काढणारं पोळ्याचं गाणं, म्हणजे झडती, म्हणायला ती उठली, तर बाप उत्तमरावच आडवे आले.

"टीव्हीवर काय बोलाचं ते बोल. इथं बाईमाणूस झडती म्हणत नसते!"

"बरं बाबा, मंग तुमीच म्हना," म्हणत ती आईला चिकटून बसली.

उत्तमरावांनी मिशी पिळली, माइक धरला अन् दरसालसारखेच झडतीचे शब्द विचारायला हळूच बायकोकडं वाकले.



कोकिळाबाई थेट माइकातच बोलल्या, "मी काऊन सांगू? मीबी बाईच आहो ना जी!"