हात वर

दर रविवारी तलवारबाजीच्या वर्गात मास्तर एकेकाचा जाळीचा मुखवटा स्वतः हलवून बघत, तलवारीच्या टोकावरचं रबर अंगठ्याने चाचपत आणि मगच झुंज लावत. वार बसला की ज्याला बसला त्यानेच हात वर करायचा, आणि हात दिसला की समोरच्याने जागच्या जागी थांबायचं. यात कुणालाही सूट नव्हती.

"पण सर, खऱ्या लढाईत कोण हात वर करतं?" नवा आलेला दाढीवाला कुरकुरला.

"म्हणूनच तिथे माणसं मरतात, बाबा." हे सांगून सांगून मास्तरांचा घसा कोरडा पडला होता.

घरी आले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. पहिल्याच घासाला भाजी अळणी लागली, तेवढं निमित्त पुरलं. मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. भाजीवरून गाडी बायकोच्या वेंधळेपणावर गेली, तिथून तिच्या माहेरावर, आणि मग नेहमीच्या ठिकाणी: "जन्मात एक गोष्ट धड जमली असेल तुला, तर..."

ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या बायकोचा हात वर गेला.

मास्तर थांबले. वाक्य अर्धवट, घास हातातच. इतकी शांतता त्या स्वयंपाकघराने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

बायको वळली. तिच्या हातात वरच्या फळीवरचा डबा होता.

"मीठ काढत होते," ती म्हणाली. "चालू द्या तुमचं."