चौथा व्हिडिओ

नऊच्या नऊ जणांनी व्हिडिओ पाहिल्याचं सांगितलं, आणि नूतनला हसू दाबावं लागलं.

“शेवटपर्यंत?”

“बठ्ठा देखा, म्याडम,” चिंधा म्हणाला.

खोटारडे. म्हणे सगळा पाहिला! चौथ्या व्हिडिओत काहीच नव्हतं.

जळगावच्या या भाषा केंद्रात नूतन सहा वर्षं स्पॅनिश शिकवत होती. दोन तास ती बोलायची, बाकीचे लिहून घ्यायचे. मग संचालक नवलभाऊंनी उलटा वर्ग आणला. धडा घरी मोबाइलवर पाहायचा, वर्गात फक्त बोलायचं. पहिला प्रयोग या नऊ जणांवर; केळी निर्यात करणाऱ्या कंपनीने त्यांना इक्वेडोरच्या कामासाठी शिकायला धाडलं होतं. आज नवलभाऊ वर्गात बसून ठरवणार होते, ही पद्धत ठेवायची की मोडीत काढायची. नूतनला ती मोडीतच हवी होती. तिची सहा वर्षांची शिकवणी काय अठरा मिनिटांच्या व्हिडिओत मावणार होती?

म्हणून रविवारी तिने घरच्या कोऱ्या फळ्यासमोर मोबाइल स्टँडवर लावला आणि अठरा मिनिटं चालू ठेवला. वर नाव दिलं, ‘धडा चौथा : कोण काय म्हणालं ते सांगणे’. तेवढ्या वेळात खिडकीपाशी शेजारच्या ज्योतीबरोबर चहाही झाला.

“कुणी तक्रार केली तर?” ज्योतीने विचारलं.

“पाहतील तर करतील ना! केळीच्या घडांना पिशव्या घालणारी माणसं ही. त्या शिरपूरच्या चिंधाला मराठीत ‘आहे’ म्हणता येत नाही, ‘शे’ म्हणतो. तो स्पॅनिश बोलणार!”

“आणि नवलभाऊ?”

“त्यांचं काय! परदेशी काही दिसलं की नंदीबैलासारखी मान हलवतात. स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही.”

व्हिडिओ संपला तसा तिने तो न तपासता वर्गाच्या गटावर टाकून दिला. सहा दिवस झाले. तक्रार नाही, शंका नाही.

आता नवलभाऊ मागच्या बाकावर वही उघडून बसले होते.

“उठा चिंधाभाऊ,” नूतन म्हणाली. “बठ्ठा पाहिलाय ना? मग सांगा, चौथ्या व्हिडिओत काय होतं? स्पॅनिशमध्ये हं.”

चिंधा उठला. त्याने रुमालाने मान पुसली. मग सावकाश, एकही चूक न करता, तो स्पॅनिशमध्ये बोलू लागला.

“फळा कोरा होता. आवाज स्वच्छ होता. मॅडम मैत्रिणीला म्हणाल्या, त्या शिरपूरच्या चिंधाला मराठीत ‘आहे’ म्हणता येत नाही.” त्याने अर्शीकडे हात केला. “पुढचं अर्शी सांगेल.”

पॅकिंग विभागातली अर्शी उठली. तिचा पहिलाच शब्द होता ‘नवलभाऊ’. त्यापुढचं सगळं स्पॅनिशमध्ये, अगदी मान हलवून दाखवण्यासकट.

नवलभाऊंचा चेहरा खुलला. त्यांनी वहीत ठळक टिकमार्क केला.

“वा! काय फाडफाड बोलतात! मॅडम, पद्धत पक्की.” मग ते जरा पुढे झुकले. “माझ्याबद्दल काय म्हणतेय ही? मराठीत सांगा की.”