शेजारचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर स्वतः मात्र अनवाणीच गाडी चालवत. "तळव्याला गाडी कळते. बुटाला काय कळणार, कप्पाळ?" असं ते बायकोला ठणकावत. बूट काढून ते शेजारच्या सीटपुढे ठेवत. तिथे शिकवणाऱ्यासाठी जोडीचा दुसरा ब्रेक होता; तो दाबला की चालकाकडचाही ब्रेक खाली जाई. शिकवताना मास्तर बूट घालून तिथे बसत आणि कुणी चुकलं की डावा बूट खाली टकटक आपटत.

त्या दुपारी ते एकटेच, शीळ घालत, उतारावरून घरी निघाले होते. रस्ता मोकळा होता. एकाएकी त्यांच्या तळव्याखालून ब्रेक आपोआप खाली गेला. गाडी थांबली, अगदी त्यांच्याच सफाईने.

मास्तरांनी वाकून पाहिलं. उजवा बूट शेजारच्या ब्रेकवर चढला होता.

"उतारावर घसरला असेल," ते हसून म्हणाले आणि त्यांनी पुन्हा गिअर टाकला.

डावा बूट टकटक करू लागला.